खिशातले चार स्क्रू

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत माणसाला नाव मिळायचं ते चूक केल्यावर. तोवर तो नुसता 'नवा', आणि बाईमाणूस असेल तर 'नवी'. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर असायचं, तेवढंच. एकाने माप फक्त वरच्या मजल्यावर घेतलं, खाली भिंत फुगलेली निघाली आणि तयार होऊन आलेली केबिन तशीच परत पाठवावी लागली. तो 'दोन इंच'. एकाने उजवीकडे उघडणाऱ्या दारांच्या जागी डावीकडे उघडणारी मागवली, तो 'डावा'. एकजण तळाच्या खड्ड्यात बादली विसरला आणि इमारतीच्या मालकांसमोर मोठ्या ऐटीत लिफ्ट खाली उतरवली. नव्वद किलोंचा हा गडी पुढची सोळा वर्षं 'बादली' म्हणून वावरत होता, आणि हाक मारली की ओ देत होता.

ही रीत थोरल्यांची. थोरले म्हणजे कंपनी काढणारे, स्वतः हातात पाना धरून वर आलेले. एका वेळी आठ-दहा ठिकाणी कामं चालायची, प्रत्येक ठिकाणी चार-पाच जणांची टोळी, आणि एका टोळीचं काय चुकलं ते दुसरीला कळायचं नाही. महिन्याभरात तीच चूक शहराच्या दुसऱ्या टोकाला हजर. थोरल्यांनी आधी वही ठेवली, मग फळा लावला, मग छापील कागद वाटले. कागदांवर लोकांनी चहाचे कप ठेवले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "लिहिलेलं कोणी वाचत नाही. हाका मात्र दिवसातून पन्नास वेळा मारता." तेव्हापासून शनिवारी दुपारी तीनला सगळ्या टोळ्या गोदामात जमायच्या. ज्याचं चुकलं असेल त्याने उभं राहायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचं नाही. चहा संपेपर्यंत त्याला नाव पडलेलं असायचं.

आणि खोटं कशाला बोला, रीत लागू पडली. नवा माणूस विचारायचा, "यांना बादली का म्हणतात?" सांगणारा चवीचवीने सांगायचा, आणि ऐकणारा पुन्हा जन्मात खड्डा बघितल्याशिवाय लिफ्ट उतरवायचा नाही. बादलीला काय वाटतं, हे कोणी विचारायचं नाही. तोही हसायचा, कारण न हसून सांगतो कोणाला.

रीतीला तीन-चार शेपट्याही होत्या. टोळीने आपली आपण पकडलेली चूक मोजायची नाही. बाहेरच्याने किंवा कंपनीच्या मालकांनी पाहिली तरच ती चूक. नाव नसलेल्याला टोळी चालवायला द्यायची नाही, कारण ज्याचं अजून काही चुकलं नाही त्याचं चुकायचं बाकी आहे. निवृत्त होणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी गोदामाच्या भिंतीवर लावायची, कंपनीतलं नाव, घरचं नाही, म्हणजे तो गेला तरी शिकवत राहील. आणि शेवटची शेपटी सगळ्यांत वाईट: तीच चूक दुसऱ्या कोणी केली, तर नाव त्याच्याकडे जायचं आणि पहिला मोकळा व्हायचा. असं एकदाच घडलं होतं. मोकळा झालेला माणूस त्या दिवशी गोदामाबाहेर सायकलच्या सीटवर डोकं टेकून रडला होता.

वायरने ते रडणं पाहिलं होतं. त्याला त्याचा फार हेवा वाटला होता.

वायरला त्याचं नाव अकरा वर्षांपूर्वी पडलं. कुठल्याही मजल्यावरचं दार उघडं असेल तर लिफ्ट हलता कामा नये, म्हणून प्रत्येक दाराला एक कुलूप असतं आणि सगळ्या कुलपांचं जोडकाम सर्वांत वरच्या मजल्यावरच्या पॅनेलमध्ये येतं. दारांचं काम चालू असताना मात्र दार उघडं ठेवूनच लिफ्ट हलवावी लागते. तेव्हा कारागीर पॅनेलमध्ये वीतभर लाल वायर जोडतो आणि कुलपांना चकवतो. काम झालं की वायर काढायची. वायरने ती काढली नाही. थोरले उघड्या दारात उभे राहून आतला दिवा बघत होते. लिफ्ट हलली, आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. महिन्याभराने ते काठी टेकत बैठकीला आले. रागावले नाहीत. "आता ही वायर आपल्यात कोणी विसरणार नाही," म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे थोरले गेले, कंपनी त्यांच्या मुलीकडे आली, पण तो हात खांद्यावरून उतरला नाही.

कंपनीत वायर म्हणाले तर ठीक, तिथे सगळेच कसले ना कसले होते. पण बायकोला लोक वायरवहिनी म्हणत. मुलीच्या लग्नात बादलीने व्याह्यांना "हे आमचे वायर" अशी ओळख करून दिली, तेव्हापासून तिकडेही तेच. नातू तर लाडाने 'वायरआजोबा' म्हणायचा, आणि त्या शब्दात एका माणसाचं अर्धं पाऊल आहे हे त्या पोराला सांगायची कोणाची छाती नव्हती. आता निवृत्तीला दोन महिने उरले होते. भिंतीवर एक खिळा रिकामा होता, आणि वायर येताजाता त्या खिळ्याकडे बघायचा.

सबंध कंपनीत त्याला वायर न म्हणणारं एकच माणूस होतं. नवी.

नवी चार वर्षं त्याच्या हाताखाली होती. वय अठ्ठावीस, अंगाने शिडशिडीत, तोंडाने फटकळ, हाताला मात्र देवाने काहीतरी जास्तीचं दिलेलं. चार वर्षांत तिला नाव पडलं नव्हतं. "नवी आता जुनी व्हायला आली," असं बादली दर शनिवारी म्हणायचा आणि दर शनिवारी एकटाच हसायचा. तिला स्वतःची टोळी हवी होती, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाव नाही तर टोळी नाही. पहिल्याच दिवशी तिने वायरला विचारलं होतं, "तुम्हाला काय म्हणू?" तो म्हणाला, "सगळे म्हणतात तेच म्हण." त्यावर ती म्हणाली, "मला नाही जमणार. काका म्हणते."

त्या एका शब्दावर त्याने तिला सगळं दिलं. दोर किती ताणावा, रुळाला कान लावून काय ऐकावं, तपासनीस आधी कुठे बघतो. तो आधी दाराच्या उंबऱ्याची खाच बघतो. खाचेत कचरा दिसला की त्याचा बाकीच्या कामावरचाही विश्वास उडतो. आणि त्याने तिला स्क्रूंची युक्तीही दिली.

"वायर जोडलीस ना, की पॅनेलचं झाकण भिंतीला टेकवून ठेवायचं आणि त्याचे चार स्क्रू खिशात टाकायचे. डब्यात नाही, खिशात. घरी जाऊन खिसे रिकामे करशील. स्क्रू हाताला लागले की समजायचं, वायर वर तशीच आहे."

"हे बैठकीत का नाही सांगत तुम्ही? सगळ्यांच्या उपयोगी पडेल."

"सांगू कधीतरी," तो म्हणाला.

अकरा वर्षांत ते 'कधीतरी' आलं नव्हतं. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही, म्हणून आपण सांगू. युक्ती सगळ्यांना कळली असती तर वायर काढायला कोणीच विसरलं नसतं, आणि मग नाव कायमचं त्याच्याच गळ्यात राहिलं असतं. शिकवणाऱ्यांच्या त्या कंपनीत ज्याला सगळ्यांत जास्त माहीत होतं, तोच मूग गिळून बसला होता.

तेव्हा चार मजली ग्रंथालयाचं काम संपत आलं होतं, बाकीची टोळी दुसऱ्या साइटवर गेली होती आणि तिथे वायर आणि नवी दोघंच उरली होती. लिफ्ट म्हाताऱ्या वाचकांसाठी होती. शुक्रवारी सकाळी दहाला बाई, म्हणजे थोरल्यांची मुलगी, तपासनीसाला घेऊन येणार होत्या. गुरुवारी चारच्या सुमाराला नवी तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप जुळवत होती. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. डाव्याच्या साइटवर नव्या पद्धतीची कुलपं आली होती, ती कोणालाच उमजत नव्हती, आणि कंपनीत ती शिकून घेतलेली एकटी नवी होती.

"काका, तासाभरात येते," असं म्हणत ती गेली. तासाभरात काही आली नाही. डाव्याच्या टोळीला शिकवता शिकवता तिचे सहा तिथेच वाजले.

सहाला वायर आपली पिशवी घ्यायला चौथ्या मजल्यावर गेला. पॅनेलचं झाकण भिंतीला टेकवलेलं होतं. आत लाल वायर होती.

त्याचा हात पुढे झाला. अकरा वर्षांची सवय होती, लाल वायर दिसली की हात आपोआप जायचा. बोटं वायरला लागली, आणि तिथेच थांबली.

उद्या दहाला इथे बाई उभ्या असतील. तपासनीस असेल. आपण नेहमीप्रमाणे पॅनेल दाखवायला म्हणून त्यांना इथे आणू, आणि वायर त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. कोणाला ओरखडाही येणार नाही. ग्रंथालय दहापर्यंत बंदच असतं, आपण पावणेनऊपासून पहाऱ्याला उभे राहू. नाव पडेल पोरीला. पडू दे. नावाशिवाय तिला टोळी तरी कुठे मिळतेय? एका परीने तिचं भलंच होईल. हा शेवटचा विचार त्याला इतका पटला, की त्याने वायरवरून हात काढून घेतला तेव्हा आपण कोणाला काही देतो आहोत असंच त्याला वाटलं. केसाने गळा कापणाऱ्यालाही आपला हात हळुवार वाटत असावा.

तो जिन्याने खाली आला आणि घरी गेला.

सात वाजता चहा घेत असताना फोन वाजला. नवी होती. मागे बसचा आवाज येत होता.

"काका, पाससाठी खिशात हात घातला तर चार स्क्रू. मी वायर काढलीच नाही हो. उतरून परत जाते. रखवालदाराकडे किल्ली असेल ना?"

वायरने कप खाली ठेवला. खरं तर इथे सगळं संपलं होतं. त्याची युक्ती त्याच्यावरच उलटली होती.

"कशाला जातेस?" तो म्हणाला. "मी काढली."

"काढलीत?"

"सहाला वर गेलो होतो. काढली. झाकणही लावून टाकलं."

"स्क्रू तर माझ्याकडे आहेत."

"माझ्या डबीत जास्तीचे असतात की नाही? तुला माहीत आहे."

पलीकडे तिने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. "काका, तुम्ही होतात म्हणून वाचले. नाहीतर उद्या बाईंसमोर माझं काही खरं नव्हतं."

"आता निवांत झोप. उद्या दहालाच ये. दमली असशील."

"काका," ती म्हणाली, "मला कधी टोळी मिळाली ना, तर पहिल्यांदा तुम्हाला मागून घेईन. निवृत्त झालात तरी." आणि हसून तिने फोन ठेवला.

बायकोने विचारलं, "कोण होतं?"

"नवी."

"काय म्हणत होती?"

"काही नाही. आभार मानत होती."

शुक्रवारी पावणेनऊला तो ग्रंथालयापाशी आला. रखवालदार फाटकापाशी झाडू मारत होता. त्याने तोंड वर केलं आणि म्हणाला, "अहो, तुमची ती..."

"हो, हो, दहाला येतील सगळे," वायर म्हणाला आणि आत शिरला. रखवालदाराला सांगायचं होतं की तुमची ती पोरगी आठपासून वर आलेली आहे. ते त्याच्या तोंडातच राहिलं.

नवीला दहापर्यंत थोडंच झोपवणार होतं? उंबऱ्यांच्या खाचा तपासनीसाच्या नजरेला पडायच्या आधी साफ करायच्या, हे काकांनीच शिकवलेलं. पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्या मजल्यावर तिने त्रिकोणी किल्लीने बाहेरचं दार उघडलं. दार उघडं म्हणजे लिफ्ट मेलेली. वायर काकांनी काढलेली. ती पालथी पडली आणि उजव्या हाताने खाच पुसू लागली. तोल राहावा म्हणून डाव्या हाताने तिने उंबऱ्याची आतली कड धरली होती. बोटं लिफ्टच्या वाटेत होती.

खाली वायरने जिन्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. चार मजले. लिफ्ट समोर उभी होती. वायर जोडलेली असली तरी आत बसणाऱ्याला तिचा काही त्रास नाही, आणि इमारतीत तर कोणीच नाही. तो आत गेला, दार लागलं, त्याने चारचं बटण दाबलं.

लिफ्ट सुरेख निघाली. काम चांगलं झालं होतं. दुसरा मजला गेला. मग खडा चाकाखाली यावा एवढासा धक्का बसला, आणि किंकाळी आली. ती आधी डोक्यावर होती, मग कानाशी आली, मग पायाखाली गेली. लिफ्ट थांबली नाही. तिला थांबायचं कारणच ठेवलेलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं. समोर पॅनेल, पॅनेलमध्ये लाल वायर. खालून नवीचा आवाज येत होता, शब्द नव्हते त्यात. वायर पॅनेलसमोर उभा राहिला. वायर काढावी की ठेवावी, याचा विचार करत तो उभा राहिला. ठेवली तर बाई बघतील. तो फार वेळ उभा नव्हता, असेल चार-पाच श्वासांचा वेळ. पण तो उभा होता, आणि खाली ती ओरडत होती. मग वायर तशीच ठेवून तो जिन्याने खाली धावला.

ती भिंतीला टेकून बसली होती. ज्या फडक्याने खाच पुसली तेच हाताला गुंडाळलेलं होतं. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"काका," ती म्हणाली, "आलात, बरं झालं." मग तिने जिन्याकडे पाहिलं. तो वरून आला होता. "काका, वायर काढली होती ना?"

"बोलू नकोस. श्वास घे," तो म्हणाला.

डाव्या हाताची तीन बोटं गेली.

दहाला बाई आल्या, तेव्हा वायर त्यांना चौथ्या मजल्यावर घेऊन गेला. पॅनेलमधली लाल वायर बघून बाई पायरीवर खाली बसल्या. त्यांच्या वडिलांचं पाऊल त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. "तुम्ही काल पॅनेल बघितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं, बाई." एका खोट्यासाठी दुसरं लागलं, एवढंच. ते बोलायला त्याला काही जड गेलं नाही.

पुढचे दोन शनिवार नवी इस्पितळात होती. वायर भेटायला गेला तो एकदाच, आणि तेव्हा ती झोपली होती. निदान तिचे डोळे मिटलेले होते. त्याने सफरचंदं ठेवली आणि निघाला. कंपनीत आता कोणी त्याला हाक मारताना चाचरायचं. "वाय..." म्हणायचं आणि थांबायचं, कारण नाव गेल्यातच जमा होतं. तिने एकदा उभं राहून सांगितलं की झालं. बाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाल्या, "पाटीवाल्याला कळवायला हवं. तुमचं घरचं नाव सांगा." त्याने सांगितलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि बरोबर आहे का म्हणून वाचून दाखवलं. त्याला वाटलं, त्या दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पदराने डोळे पुसत होती. "बिचारी पोर," ती म्हणाली, आणि लगेच, "पण आपलं नाव भिंतीवर लागणार, नाही का हो?"

तिसऱ्या शनिवारी नवी आली. हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. गोदामात चाळीस माणसं जमली होती. बादलीने आपली खुर्ची तिला दिली, ती बसली नाही. उजव्या हाताने तिने खिशातून चार स्क्रू काढले आणि एकेक करून टेबलावर उभे ठेवले.

"त्या गुरुवारी मला डाव्याच्या साइटवर बोलावलं," ती म्हणाली. "मी वायर न काढता गेले. पण झाकण उघडं ठेवलं होतं, आणि हे चार स्क्रू खिशात घेतले होते. ही एक युक्ती आहे. मला शिकवलेली आहे, बैठकीत कधी सांगितली गेली नाही. आज सांगते, नीट ऐका."

तिने युक्ती सांगितली. बादली म्हणाला, "अरे, किती सोपं." दोन इंचने ती वहीत लिहून घेतली. वायर आपल्या कपाकडे बघत होता.

"संध्याकाळी सातला बसमध्ये स्क्रू माझ्या हाताला लागले. म्हणजे युक्ती चालली. वायर माझ्या लक्षात आली. मी परत जायला निघाले होते. त्यामुळे बाई, वायर विसरणं ही माझी चूक नाही."

"मग चूक कोणती?"

"मला सांगण्यात आलं की वायर काढलेली आहे, झाकण लावलेलं आहे. मी ते खरं मानलं. स्क्रू माझ्या मुठीत होते आणि मी माणसाचं ऐकलं. सकाळी वर जाऊन बघायला दोन मिनिटं लागली असती, ती मी घालवली नाहीत. माझी चूक ती."

"कोणी सांगितलं तुला?" बाईंचा आवाज खाली आला होता.

"दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. थोरल्यांची रीत आहे, बाई."

चाळीस माणसांतल्या एकानेही वायरकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी सगळ्यांनी इतकी काळजी घेतली, की त्याच्याभोवतीची जागा आपोआप मोकळी झाली. ग्रंथालयाच्या टोळीत त्या दिवशी आणखी होतं तरी कोण? बाईंनी फायलीतून तो घरचं नाव लिहिलेला कागद काढला, त्याची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, आणि तो गार झालेल्या चहात बुडवला.

"नाव काय द्यायचं?" त्यांनी विचारलं.

एरवी इथे गलका व्हायचा, जो तो आपलं डोकं चालवायचा. आज मात्र तीच म्हणाली, "भरवसा."

दोन इंचने तेही वहीत लिहून घेतलं.

"आता मला टोळी मिळेल ना, बाई?"

"मिळेल."

"माणसं मी निवडायची?"

"रीत तशीच आहे."

"मग मला वायर हवेत," ती म्हणाली. "निवृत्त होईपर्यंत."

चार वर्षांत तिने त्याचं हे नाव पहिल्यांदा उच्चारलं. इतरांनी हजार वेळा मारलेली हाक होती ती, काही नवीन नव्हतं त्यात. वायर उठला, आणि उठताना त्याच्या हातातला कप सांडला.

पुढच्या सोमवारी पाच मजली ऑफिसच्या इमारतीत नवं काम सुरू झालं. भरवसा वायरशी कधी वाकडं बोलली नाही. ती त्याला रोज विचारायची, आणि तो सांगायचा: रुळाचं, दोराचं, ब्रेकचं, अकरा वर्षं बैठकीत न सांगितलेलं सगळं. ती ते उजव्या हाताने लिहून घ्यायची आणि शनिवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. कंपनी त्या दीड महिन्यात जेवढं शिकली तेवढं दहा वर्षांत शिकली नव्हती, असं बाई म्हणाल्या. माणसाला भिंतीवर लटकवण्यापूर्वी त्याचे खिसे असे उलटे करून झटकतात, हे वायरला कळत होतं. तरी तो सांगत राहिला, कारण ती विचारत असेपर्यंत निदान त्याच्याशी बोलत होती.

संध्याकाळी सहाला तो खाली यायचा आणि म्हणायचा, "वायर काढली."

"बरं," भरवसा म्हणायची, आणि जिना चढू लागायची. लिफ्ट शेजारी उभी असायची, पण ती जिन्यानेच जायची. पाच मजले, पट्टीतला हात छातीशी धरून. ती खाली आली की टोळीतला दुसरा वर जायचा, स्वतः बघून यायचा. तो आला की तिसरा. कोणी कोणाला विचारायचं नाही, काय बघितलंस म्हणून. सगळ्या साइटवर आता हेच चालू झालं होतं. सांगितलेलं कोणी मानायचं नाही, जो तो आपल्या पायांनी वर जायचा.

तोपर्यंत वायर पिशवी घेऊन तळमजल्यावर उभा राहायचा. शेवटचा माणूस खाली यायचा आणि भरवसाला मान हलवून दाखवायचा, की काढलेली आहे.

"या आता, वायर," ती म्हणायची. "उद्या आठला."